मोपाची टॅक्सी: नंबर कोणी लावायचा?

पेडण्यात टॅक्सीचा विषय काढला की आवाज चढतोच. हरमल-मांद्रेकडचा हॉटेलवाला म्हणतो, टॅक्सीवाल्यांनी पर्यटन बुडवले. मोपा-वारखंडकडचा टॅक्सीवाला म्हणतो, जमीन आमची गेली आणि भाडी मारतात ॲपवाले. पात्रादेवीच्या पलीकडचा, बांद्याचा किंवा सावंतवाडीचा माणूस रात्रीच्या विमानाने उतरतो, घरापर्यंतचा दर ऐकतो आणि मनात म्हणतो, विमानाचे तिकीट परवडले!

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गंमत अशी की तिघेही आपले भांडण एका मोबाईल ॲपशी आहे असे समजतात. ‘ॲप हवे की नको’ हा वाद गोव्यात २०१८ पासून चालू आहे, पण तो मिटत नाही. कारण प्रश्नच चुकीच्या जागी मांडला गेला आहे. ॲप बाजूला ठेवून टॅक्सीचा धंदा प्रत्यक्षात कसा चालतो ते आधी पाहू, मग ॲप त्यात नेमके काय बदलते ते आपोआप दिसेल.

आतापर्यंत काय घडले

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे गेले तरी चालेल.

जानेवारी २०१८ मध्ये स्पीड गव्हर्नरच्या सक्तीविरुद्ध गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांनी तीन दिवस संप केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने ‘गोवा माईल्स’ हे ॲप सुरू झाले. ते चालवणारी कंपनी खासगी. त्याविरुद्ध ऑगस्ट २०१९ मध्ये संप, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आंदोलन. मधल्या काळात डिजिटल मीटरचा विषय उच्च न्यायालयात गेला, सरकारने मीटरच्या खर्चाचा भार उचलायचे ठरवले, मीटर बसू लागले. आज गोव्यात फिरणाऱ्या किती प्रवाशांनी मीटर चालू असलेला पाहिला, ते ज्याचे त्याने आठवावे.

११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. तोवर टॅक्सीचे भांडण मुख्यतः दाबोळी आणि किनारपट्टीचे होते. आता ते पेडण्यात आले. स्थानिकांना टॅक्सी स्टँड हवा, काळ्या-पिवळ्या गाड्यांना काउंटर हवा, अशा मागण्या विमानतळ सुरू होण्याआधीपासूनच होत्या. सरकारने ‘गोवा टॅक्सी’ नावाचे आपले ॲपही आणले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पेडण्यातले टॅक्सी व्यावसायिक रस्त्यावर उतरले. मुख्य मागण्या दोन होत्या: विमानतळावरचा गोवा माईल्सचा काउंटर हटवा, आणि पार्किंगची वाढलेली फी कमी करा. मग मे २०२५ मध्ये सरकारने ॲप कंपन्यांसाठी राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. त्यावरही रान उठले आणि सरकारला पाय मागे घ्यावे लागले.

ओला-उबर यात कुठेच नाहीत. गोव्यात त्यांची टॅक्सी चालत नाही. म्हणजे देशातल्या इतर शहरांत ज्या कंपन्यांवरून वाद होतो, त्या नसतानाही इथे तोच वाद तेवढ्याच जोरात होतो. यावरून तरी कळावे की मूळ दुखणे कंपनीच्या नावात नाही.

नंबर म्हणजे काय

कुठल्याही टॅक्सी स्टँडवर जा. म्हापसा असो, पणजी असो, एखादे मोठे हॉटेल असो. तिथे गाड्या उभ्या असतात आणि त्यांचा एक नंबर लागलेला असतो. पहिल्या नंबरच्या गाडीला पहिले भाडे. ते भाडे पणजीचे असो की काणकोणचे, नशिबाने येईल ते घ्यायचे. भाडे मारून परत आला की पुन्हा शेवटच्या नंबराला. ही यादी कधी वहीत असते, कधी फळ्यावर, हल्ली व्हॉट्सॲपवर. ती कोण ठेवतो, त्यात नवीन नाव कधी घालायचे, कुणाचे नाव कशासाठी आठवडाभर काढायचे, हे सगळे स्टँडवरची संघटना ठरवते.

टॅक्सीच्या धंद्यातली खरी मालमत्ता ही आहे. गाडी कर्ज काढून कुणीही घेऊ शकतो. परमिटही प्रयत्न केले तर मिळते. स्टँडवर नंबर मात्र सहज मिळत नाही. अनेक स्टँडवर तो गावकीच्या नात्याने येतो, बापाकडून मुलाकडे जातो.

आता ॲप काय करते ते पाहा. शहरातल्या रस्त्यावर ते ग्राहकाच्या जवळची गाडी शोधते. विमानतळावर मात्र तसे करून चालत नाही, कारण सगळ्या गाड्या एकाच जागी उभ्या असतात आणि सगळेच ‘जवळ’ असतात. म्हणून उबरसारखी कंपनीसुद्धा विमानतळांवर ठरवून दिलेल्या पार्किंगमधल्या गाड्यांची रांग लावते. जो आधी आला त्याला आधी भाडे. म्हणजेच नंबर!

थोडक्यात, विमानतळावर ॲपने कोणतीही जादू केलेली नाही. स्टँडवरची वही होती ती मोबाईलमध्ये गेली, एवढेच. फरक पडला तो वही कुणाच्या हातात आहे यात. काल ती स्टँडच्या संघटनेकडे होती, आज ती कंपनीकडे आहे. नाव घालायचे-काढायचे अधिकार कंपनीकडे, भाड्यातला वाटा कंपनीकडे, ग्राहकाचा फोन नंबर आणि पत्ता कंपनीकडे. पूर्वी एखादा ग्राहक खूष झाला की पुढच्या वर्षी थेट चालकाला फोन करायचा, ‘अमुक तारखेला येतोय, गाडी घेऊन ये’. गोव्यातल्या कित्येक चालकांचा अर्धा धंदा असल्या जुन्या गिऱ्हाइकांवर चालतो. ॲपच्या व्यवहारात ते गिऱ्हाईक कंपनीचे होते.

हे लक्षात घेतले की पेडण्यातला टॅक्सीवाला ‘ॲप नको’ म्हणतो तेव्हा तो मोबाईलला घाबरून बोलत नाही हे कळते. त्याच्या खिशातही स्मार्टफोन आहे, गूगल पे आहे. त्याला वही परत हवी आहे.

पण इथेच त्याला एक प्रश्न विचारला पाहिजे. वही तुझ्या हातात होती तेव्हा ग्राहकाला काय मिळाले? दर लिहिलेला नसायचा, मीटर नसायचा, पावती मागितली तर माणूस वेड्यासारखा बघायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ खाली टॅक्सीचे दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, गोवा सरकारने ते वेळोवेळी अधिसूचित केलेही. ते दर पाळले असते आणि मीटर २०१८ मध्येच हसतखेळत लावले असते, तर ॲप आणायला सरकारला निमित्त सापडले नसते. आमच्या मते टॅक्सी संघटनांची गेल्या काही वर्षांतली सर्वात मोठी चूक हीच. मीटर हे त्यांचे कवच होते, त्यालाच त्यांनी शत्रू मानले.

पार्किंगची फी आणि पंच

मोपाचा विमानतळ सरकार चालवत नाही. जीएमआर कंपनीच्या उपकंपनीला तो बांधा, चालवा आणि मुदत संपल्यावर परत करा या पद्धतीने ४० वर्षांसाठी दिलेला आहे. २०१६ मध्ये जी निविदा जिंकली गेली तीत कंपनीची बोली होती महसुलातला ३६.९९ टक्के वाटा राज्य सरकारला देण्याची.

हा आकडा टॅक्सीच्या वादात कुणी आणत नाही, पण तो आणायला हवा. विमानतळाची कमाई दोन प्रकारची असते. विमाने उतरणे, थांबणे, प्रवासी शुल्क ही एक. या दरांवर केंद्रातले विमानतळ नियामक प्राधिकरण लक्ष ठेवते. दुकाने, जाहिराती, काउंटरचे भाडे, पार्किंग ही दुसरी. पार्किंगचा दर नियामक ठरवून देत नाही, तो बराचसा चालकाच्या मर्जीवर असतो. जगभरच्या खासगी विमानतळांचा नफा या दुसऱ्या खात्यातून फुगतो. मोपा त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

आता मांडणी बघा. टॅक्सीवाला पार्किंगची फी भरतो. ती कंपनीच्या महसुलात जाते. त्या महसुलात करारानुसार सरकारचा वाटा. आणि फी जास्त झाली म्हणून टॅक्सीवाले दाद मागायला जातात कुणाकडे, तर मुख्यमंत्र्यांकडे. पंच आणि खेळाडू एकच असावेत तसे हे आहे. मुख्यमंत्री चांगले की वाईट, आमदार प्रवीण आर्लेकर आणि जीत आरोलकर टॅक्सीवाल्यांच्या बाजूने किती बोलले, हे मुद्दे त्यापुढे दुय्यम. सरकार या प्रश्नात तटस्थ नाही हे एकदा सगळ्यांनी मान्य केले तर बैठका तरी सरळ होतील.

काउंटरचेही तेच. दालनातून बाहेर पडणारा प्रवासी दमलेला असतो, हातात बॅगा, पोरगे झोपलेले. तो दहा ठिकाणी चौकशी करत नाही. समोर दिसेल त्या काउंटरवर जातो. म्हणून आत, दरवाजासमोर कुणाचा काउंटर आहे यावर निम्मा धंदा ठरतो. ॲप मोबाईलवर कुठूनही उघडता येते, तरी ॲप कंपनीलासुद्धा विमानतळावर काउंटर लागतो, यातच सगळे आले.

आज परिस्थिती अशी की एका बाजूला गोवा माईल्स, दुसऱ्या बाजूला काळी-पिवळी, मोपासाठीची म्हणून आणलेली ‘ब्लू कॅब’, सरकारचे ॲप, शिवाय कदंबच्या इलेक्ट्रिक बसगाड्या. नावे पुष्कळ, पण अमुक ठिकाणी जायला कुठे किती पडेल हे एका फलकावर शेजारी शेजारी लिहिलेले असावे, ही साधी गोष्ट. ती झाली तर अर्धे भांडण कमी होईल असे वाटते. फलकाला ना ॲप लागते ना कंपनी.

डिचोलीने हे आधी पाहिलेले आहे

पेडणेकरांनी शेजारच्या डिचोली तालुक्याकडे जरा बघावे. पिळगाव, मये, मुळगाव, शिरगाव या पट्ट्यात एके काळी घरटी ट्रक होते. खाणीवर नंबर लागायचा, टनामागे दर ठरलेला असायचा, ट्रकमालक संघटना यादी ठेवायची. स्थानिकांच्याच गाड्या घ्यायच्या हा रिवाज होता. कुठल्याही खाणपट्ट्याच्या करारात ठळक अक्षरात नसलेला, पण सगळ्यांनी पाळलेला.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. नंतर काही काळ काम सुरू झाले आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले. मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. कर्जात बुडालेल्यांसाठी सरकारला सवलतीच्या योजना काढाव्या लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव होऊन डिचोलीचा ब्लॉक वेदांता कंपनीकडे गेला. काम सुरू होताना जुने प्रश्न पुन्हा उभे राहिले: ट्रक कुणाचे, दर किती, नंबर कोण लावणार?

मधल्या काळात खनिजवाहू ट्रकांना जीपीएस सक्तीचे झाले होते. तेव्हाही ‘यंत्राने आमचा धंदा जाणार’ अशी कुजबूज होती. प्रत्यक्षात जीपीएसने कुणाचा धंदा घेतला नाही. धंदा गेला तो न्यायालयाच्या निकालाने आणि लिलावाने, म्हणजे कागदावरच्या निर्णयांनी. ज्यांचा हक्क फक्त रिवाजावर उभा होता, त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

पेडण्यात आज नेमकी हीच अवस्था आहे. मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे, उगवे अशा गावांच्या पठारावर विमानतळ झाला. ‘स्थानिकांना रोजगार, स्थानिकांना टॅक्सी’ हे वाक्य प्रत्येक सभेत म्हटले गेले. लोकांनी त्या वाक्याच्या भरवशावर गाड्या काढल्या. हिशेब करून बघा: आठ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षे मुदत, म्हणजे महिन्याला साधारण १७ हजारांचा हप्ता. त्यावर विमा, पासिंग, टायर, पार्किंग. रोज एकच बरे भाडे मिळाले तर महिनाअखेर हातात फारसे उरत नाही, आणि एक दिवस भाडे चुकले तर दुसऱ्या दिवशी दर वाढवून सांगण्याचा मोह होतो. दर चढे का, याचे एक उत्तर इथे आहे.

तेव्हा पेडण्याच्या टॅक्सीवाल्याने मागायचे काय? आमच्या मते काउंटर हटवा यापेक्षा, स्थानिकांच्या गाड्यांचा वाटा लेखी द्या ही मागणी कितीतरी महत्त्वाची. किती गाड्या, कोणत्या गावांतल्या, किती वर्षांसाठी, कोणत्या दराने. अधिसूचनेत. काउंटर आज हटेल, उद्या दुसऱ्या नावाने येईल.

महाग का? रिकाम्या फेऱ्यामुळे

आता प्रवाशाच्या बाजूने. गोव्यातली टॅक्सी महाग असण्याचे दुसरे कारण हप्त्याहून मोठे आहे आणि त्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते.

मोपावरून भाडे घेऊन गाडी कळंगुटला जाते. ग्राहक उतरला. आता तिथल्या हॉटेलातून कुणाला मोपाला यायचे आहे, विमानाची वेळही जुळते. पण ते भाडे ही गाडी घेऊ शकत नाही. हॉटेलबाहेर तिथला स्टँड आहे, तिथे त्यांचा नंबर आहे. बाहेरच्याने भाडे उचलले की भांडण, कधी हातघाई. म्हणून मोपाची गाडी रिकामी परत येते आणि कळंगुटची गाडी मोपाला सोडून रिकामी परत जाते. दोन ग्राहक, चार फेरे. भाडे ठरवताना चालक परतीचे डिझेल धरतोच, न धरून सांगतो कुणाला?

ॲपचा खरा फायदा कुठे असेल तर इथे आहे. सोडलेल्या ठिकाणाजवळ परतीचे भाडे जुळवून देणे हे काम माणसाच्या वहीला जमत नाही, संगणकाला जमते. परतीचे भाडे मिळाले तर दर उतरवूनही चालकाची कमाई वाढते. पण स्टँडची हद्द कायम ठेवून वर ॲप बसवले, तर हा फायदाच मिळत नाही. उरते काय, तर कमिशन. गोव्यात आजवर बऱ्याच अंशी हेच झाले. म्हणून ॲप आले तरी चालकाला वाटले कमाई घटली आणि ग्राहकाला वाटले दर काही फारसे उतरले नाहीत. दोघेही बरोबर!

सरकारने इथे धाडस दाखवायला हवे होते. ‘सोडलेल्या गाडीला दोन तासांत परतीचे एक भाडे कुठूनही घेता येईल’ एवढा एकच नियम करून अंमलात आणला असता, तर सगळ्या ॲपांपेक्षा जास्त फरक पडला असता. पण त्यासाठी स्टँडवाल्यांशी बसून बोलावे लागते, मते जातील की काय याची भीती असते. ॲपचे उद्घाटन करणे सोपे.

दुसरीकडे काय चालले आहे

केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून ॲप कंपन्यांना परवान्याच्या चौकटीत आणले. त्याखालची मार्गदर्शक तत्त्वे आधी नोव्हेंबर २०२० मध्ये आली, सुधारित १ जुलै २०२५ रोजी. सुधारित तत्त्वांत चालकाची स्वतःची गाडी असेल तर भाड्यातले किमान ८० टक्के त्याला मिळाले पाहिजेत, आणि गर्दीच्या वेळी भाडे मूळ दराच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, असे म्हटले आहे. मूळ दर ठरवायचा राज्याने. म्हणजे ‘ॲप आले की दर कंपनी ठरवणार’ ही भीती कागदावर तरी खरी नाही. राज्याने दर ठरवले नाहीत तर मात्र खरी ठरते.

कमिशनला पर्यायही निघालेत. बेंगळुरूमध्ये २०२२ च्या शेवटी रिक्षाचालकांच्या संघटनेच्या साथीने ‘नम्मा यात्री’ सुरू झाले. तिथे भाड्यातून टक्केवारी कापत नाहीत. चालकाने दिवसाला २५ रुपयांसारखी ठराविक रक्कम द्यायची, बाकी भाडे त्याचे. दोन हजारांच्या एका भाड्यावर २० टक्के म्हणजे ४०० रुपये, त्याच्याशी ही रक्कम ताडून बघा. केरळ सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘केरळ सवारी’ काढले, ८ टक्के सेवाशुल्क ठेवून. हेतू उत्तम होता, पण पुरेशा गाड्या जोडल्या गेल्या नाहीत, आणि गाडी मिळत नाही म्हटल्यावर ग्राहक पुन्हा ॲप उघडत नाही. सरकारी ॲपला हाच धोका असतो. गोवा टॅक्सी ॲपनेही हे ध्यानात ठेवावे. २०२५ मध्ये अमूल, इफको, नाबार्ड अशा संस्थांच्या पाठबळावर चालकांच्या सहकारी टॅक्सीचीही नोंदणी झाली. दूध सोसायट्या, पतसंस्था आणि साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या मराठी मुलखाला सहकाराचे गुण आणि अवगुण दोन्ही सांगायची गरज नाही. वही चालकांच्या सोसायटीकडे, दर सरकारचे, हिशेब सगळ्यांना दिसणारा, हा मार्ग पेडण्यासाठी तरी आम्हाला सर्वात जवळचा वाटतो.

जाता जाता, दुचाकी टॅक्सीला परवानगी द्यावी की नाही यावर मोठमोठ्या शहरांत वर्षानुवर्षे खल चालला. गोव्यात मोटारसायकलचे ‘पायलट’ कित्येक दशके पिवळा मडगार्ड लावून कायदेशीर धंदा करतात. ॲप, काउंटर, कंपनी काही नसताना. तेव्हा नवे ते सगळे बाहेरूनच यावे लागते असेही नाही.

पात्रादेवीवरून जाणाऱ्या रिकाम्या गाड्या

शेवटी आपला, म्हणजे सीमेवरच्या लोकांचा विषय. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला खरा, पण तिथली विमाने मोजकीच. त्यामुळे बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ इथल्या बऱ्याच लोकांना विमान म्हटले की मोपाच. मुंबई-पुण्यात, आखातात कामाला असलेली पोरे तिथेच उतरतात.

सावंतवाडीहून एमएच ०७ पासिंगची गाडी माणसांना मोपाला सोडते आणि रिकामी परत फिरते. विमानतळाबाहेर उभे राहून भाडे उचलायला ती गेली तर इथले टॅक्सीवाले उभे करणार नाहीत, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केले नसते. त्याच वेळी जीए ११ पासिंगची पेडण्याची गाडी सावंतवाडीला माणसे सोडून रिकामी परत येते. दोन्ही गाड्या पात्रादेवीच्या नाक्यावर एकमेकींना हॉर्न देऊन जातात.

समजा एका बाजूचे अंतर ३० किलोमीटर. येऊन-जाऊन ६०. लिटरला १५ किलोमीटर धरले तर चार लिटर, लिटरला १०० रुपये धरले तर ४०० रुपयांचे इंधन. त्यातले २०० रिकाम्या फेऱ्यावर जळतात, दोन्ही गाड्यांचे मिळून ४००. शिवाय चालकाचा वेळ. हा सगळा भुर्दंड शेवटी घरी जाणाऱ्या प्रवाशाच्या भाड्यात येतो.

यावर कायद्यात रस्ता नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८ मध्ये दोन राज्यांनी परस्परांत करार करून एकमेकांच्या परमिटना मान्यता द्यायची तरतूद आहे. आपली लालपरी पणजीला जाते आणि कदंब सावंतवाडी-बेळगावला येते ती असल्याच परस्पर व्यवस्थेतून. बसला जे जमते ते टॅक्सीला मर्यादित स्वरूपात का जमू नये? सगळ्या महाराष्ट्रातल्या गाड्यांना मोपा मोकळा करा असे कुणी म्हणणार नाही, म्हटले तर पेडण्यात वणवा पेटेल. पण पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके, पलीकडे सावंतवाडी आणि दोडामार्ग हे दोन तालुके, एवढ्यापुरते, ठराविक संख्येच्या गाड्यांना, फक्त परतीचे भाडे, फक्त आधी नोंदवलेले, अधिसूचित दराने. जितकी एमएच ०७ इकडे तितकीच जीए ११ तिकडे. सावंतवाडी रेल्वे स्थानकावरून हरमल-केरीला जाणारा पर्यटक पेडण्याच्या परतीच्या गाडीला मिळाला, तर तिथल्या चालकालाही हे पटेल.

सुरुवात म्हणून फार मोठे काही लागणार नाही. दोन्हीकडच्या वाहतूक खात्यांनी एक आठवडाभर पात्रादेवीच्या नाक्यावर माणूस बसवावा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या टॅक्सींपैकी भरलेल्या किती, रिकाम्या किती, एवढेच लिहून काढावे. दोडामार्गच्या रस्त्यावरही तसेच. त्या वहीतले आकडे घेऊन मग बैठकीला बसावे.